पर्यटक पहिलवान आणि दहा फुटी व्हिसा

मलकापूरला उतरताच लेवानने आमच्या तिन्ही बॅगा एका हातात घेतल्या आणि जिना चढून गेला. मी रिकाम्या हातांनी मागून, धापा टाकत. लेवान जॉर्जिया देशातला मल्ल. वरवट बकालच्या अलीकडे एका गावात जत्रेची दंगल (कुस्त्यांचा फड) होती, तिथली शेवटची मोठी कुस्ती त्याची. मी पुण्यात व्हिसाचे अर्ज भरून देतो. त्याचाही मीच भरला होता, आणि तेच माझं दुखणं होतं.

आता सरळच सांगतो. परदेशी खेळाडूला किंवा गाणाऱ्या-नाचणाऱ्याला आपल्याकडे इनाम घ्यायचं असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही. वेगळा लागतो, आणि त्याला आयोजकांचं पत्र लागतं. दंगल कमिटीचे पुरुषोत्तमभाऊ यांनी ते पत्र, ठसा मारून, दिवाळीआधीच पाठवलं होतं. ते माझ्या खणात पडून राहिलं. आठवलं तेव्हा दिवस उरले नव्हते, म्हणून मी पर्यटक व्हिसाचा अर्ज ठोकून दिला. तो झटकन मिळतो. दोघांनाही व्हिसाची प्रत धाडून कळवलं, "काम झालं." लेवान मातीत उतरला आणि पकडला गेला, तर त्याची रवानगी घरी, आणि पुढे या देशाचं दार बंद. दुखऱ्या गुडघ्यामुळे तो देशाच्या संघाबाहेर पडलेला, घरी दोन मुली. आपल्याकडच्या हिवाळी दंगलींवर त्याची भिस्त. हे त्याला गाडीत सांगायचं मी दौंडला ठरवलं. मनमाडला पुन्हा ठरवलं. भुसावळला तो झोपला होता.

मी कमी बोलतो. लोकांना तो सभ्यपणा वाटतो. असते ती भीती.

स्टेशनाबाहेर पुरुषोत्तमभाऊ जीप घेऊन उभे होते. वडनेर भोलजीला नाश्त्याला थांबलो. लेवानने कचोरीसोबतची तळलेली मिरची अख्खी तोंडात टाकली आणि डोळ्यांतून धारा लागल्या तरी दुसरी मागितली.

"खाऊ द्या हो," भाऊ खूश होऊन म्हणाले, "मातीत उतराचं हाय त्याले!"

हीच वेळ, असं वाटलं. "भाऊ, एक सांगायचं होतं."

"सांगा नं."

"कचोरी छान आहे."

नांदुरा मागे पडलं, पूर्णेचा पूल गेला. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. लेवान खिडकीतून डोकं काढून पाहत होता. खरा पर्यटक.

गावाच्या वेशीवर फ्लेक्स होता. त्यावर लेवानचा फोटो होताच, पण शेजारी त्याचा व्हिसा छापला होता. अख्खा. दहा फुटी. 'टूरिस्ट' हा शब्द तर माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत.

"हे कशाला?" माझा आवाज चिरकला.

"मांगच्या वर्षी रशियाचा म्हणून आणला, तो निंघाला पंजाबचा," भाऊ म्हणाले. "लोकं म्हणे, कागद दाखवा. म्हून कागदच छापला. कसा वाटते?"

बंदोबस्ताचे जमादार त्या फ्लेक्ससमोर सेल्फी काढत होते. अजून त्यांनी तो वाचला नव्हता.

दुपारी शाळेच्या ओट्यावर रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी होती. लेवानने सहावा रोडगा तुपात बुडवला आणि मी माझं ताट बाजूला सारलं. तिथे मी बोललो. आधी त्याला इंग्रजीत, मग भाऊंना मराठीत. खण, पत्र, खोटं, सगळं.

लेवानने रोडगा खाली ठेवला. एवढंच विचारलं, "मग मला काय करता येईल?"

"बघता येईल."

"कागद तं आमी दिवाळीच्या आंधीच धाडले होते नं?" भाऊ म्हणाले.

"हो. माझ्या खणात आहेत."

"खणात काऊन?"

मी भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी फडात माईकवर रहीमचाचा होते, जुने वस्ताद. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लोकांना जाहीर सांगितलं, "भाईयो, पहिलवान असली हाय, व्हिसा बी असली हाय, फकत एजंट फसवा निंघाला! तो पहिलवान पाहून राह्यला, लढणार नाही. पण आपला रिवाज हाय. ज्यानं पहिलवान आणाचा शब्द देला, त्यानं मातीत उतराचं!"

हलगी वाजू लागली. मी बावन्न वर्षांचा, कोणाच्या तरी लांघेत (पहिलवानी चड्डीत). समोर संतोष, गावचा मल्ल, या कुस्तीसाठी महिनोन्‌महिने घाम गाळलेला. नवरदेवाऐवजी त्याचा काका घोड्यावरून उतरावा, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. सलामीला हात मिळवताना हळूच म्हणाला, "काका, आंधीच कुठं दुखते का?"

"कंबर."

"मंग बाजूनं टाकतो."

शब्दाचा पक्का निघाला. पडलो तेव्हा तोंडात लाल माती होती आणि गाव हसून लोळत होतं. इतक्या वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. लेवान कडेला उभा राहून मन लावून फोटो काढत होता. ते त्याच्या व्हिसात बसत होतं.

परतीला मलकापूरला लेवानने फक्त स्वतःची बॅग उचलली. फलाटावर म्हणाला, "पुढच्या वर्षी येईन. अर्ज मी स्वतः भरणार." मी मान डोलावली. गिऱ्हाईक गेलं, ते योग्यच झालं. खरं लवकर सांगितलं असतं तर बहुधा याहून कमी आपटलो असतो. एवढा धडा घ्यायला मला मलकापूर गाठावं लागलं.

गाडी आली. खिडकीशी येऊन पुरुषोत्तमभाऊंनी माझा दुखरा खांदा थोपटला.

"तुम्ही बी या पुढच्या सालले. लोकाईनं तुमचीच कुस्ती मांगतली हाय. अन् तुम्हाले कोणता व्हिसा लागते?"