गिळायची परीक्षा

सरबताच्या कारखान्यात तिला सगळे जीभताई म्हणत. नऊ वर्षं काम एकच: प्रत्येक पिंपातला घोट तोंडात घ्यायचा, खळखळवायचा, बादलीत थुंकायचा आणि निकाल सांगायचा. गिळायचं मात्र नाही. गिळणाऱ्याची जीभ दुपारपर्यंत बथ्थड होते, असं तिथलं शास्त्र. सासूबाई अभिमानाने सांगत, ‘आमची सून थुंकायचा पगार घेते.’

गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी साखरेची तपासणी लिहून दिली. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा एकशेचाळीसच्या आत असला की सुटका. वर गेला तर बाळाला जपायचं म्हणून पथ्य, चालणं आणि रोज बोट टोचणं. जीभताईच्या पोटात आधीच एक गोळा होता, त्यात हा भीतीचा दुसरा आला.

लॅबमधल्या बाईंनी ग्लास हातात दिला आणि त्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला वळल्या. जीभताईने शांतपणे एकेक घोट खळखळवला आणि बेसिनमध्ये थुंकला.

‘गोडी भलतीच झालीय,’ ती म्हणाली. ‘आंबटपणा नावालाही नाही.’

‘सगळ्याजणी असंच म्हणतात,’ बाई पाठमोऱ्याच बोलल्या.

आकडा आला चौऱ्याऐंशी. सासूबाईंनी तो गल्लीभर केला.

दोन दिवसांनी कारखान्यात बादलीवर वाकलेली जीभताई तोंडात घोट धरून तशीच थिजली. मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने तो गिळला.

घरी तिने सगळं सांगितलं. शिंपीकाम करणारा नवरा सुईत दोरा ओवत म्हणाला, ‘म्हणजे तपासणी बेसिनची झाली. त्याची साखर किती निघाली, ते विचारायला हवं.’

‘चेष्टा पुरे. मी उद्या परत जाणार.’

‘अगं, पास झालेली परीक्षा कुणी पुन्हा देतं का?’ सासूबाई कळवळल्या.

‘बाळ पास झालेलं नाही ना, आई.’

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच आधी चपला घातल्या. लॅबमध्ये त्या सुनेच्या गळ्याला बोट लावूनच बसल्या. ‘हं, उतरला. आता पुढचा. बेसिनकडे बघायचं नाही!’

दोन तासांनी आकडा आला एकशे अठ्ठावन्न.

‘आधी किती छान मार्क होते गं,’ सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

जीभताईला बाळाखालोखाल नोकरीची धास्ती. डॉक्टरबाईंनी विचारलंच, ‘रोज तोंडात गोड किती जातं?’

‘सकाळपासून संध्याकाळपर्यंत.’

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. ‘त्यातलं पोटात किती जातं?’

‘काहीच नाही. थुंकते.’

‘मग नोकरी खुशाल करा,’ त्या म्हणाल्या. ‘घरी काय गिळता, ते आधी सांगा.’

घरी सासूबाईंच्या मायेचे लाडू निघाले. ते बंद झाले, जेवण बेताचं झालं, जेवणानंतर फिरणं सुरू झालं. सासूबाई सोबत चालत आणि वाटेत भेटेल त्याला जुना चौऱ्याऐंशीच सांगत.

महिनाभराने डॉक्टरबाईंनी आकडे पाहिले. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत हवा, तो अठ्ठ्याऐंशी. जेवणानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या आत हवा, तो एकशे चौदा. ‘उत्तम. असंच चालू ठेवा.’

जीभताईने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. दाराबाहेर येताच सासूबाई म्हणाल्या, ‘मी म्हणत नव्हते? पहिलाच आकडा खरा होता. मशीनला जरा उशिरा पटलं, एवढंच.’