माझ्या दादाला शेंदूर फासू नका

माझा भाऊ कड्यावर मरायला गेला नव्हता. संध्याकाळी घरी जेवायला येणार होता.

हे इतक्या वर्षांनी सांगायला लागतंय, याचाच संताप आहे.

सकाळी नातीने मोबाईलवर फोटो पाठवला. डोक्यावर हेल्मेट, कपाळावर शेंदूर. खाली लिहिलंय, "आज्जी, मामाआजोबांच्या वीराला नमस्कार करून चढले. आता मला काही होत नाही!"

मी मोबाईल पालथा ठेवला.

म्हणून आज त्याच्या स्मृतिदिनी गोडगोड काही लिहिणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कुसगावचे. दादा लोणावळ्याला रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचं हमालीचं काम. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून गिर्यारोहण करणारी मुलं यायची, त्यांच्याबरोबर हा जवळच्या औंढे गावाच्या वरच्या कड्यावर चढायचा.

आईचं आणि त्याचं दर शनिवारी भांडण ठरलेलं.

"काय ठिवलंय रं तितं वर?"

"वर काय न्हाई, आई. नुसता वारा हाय."

"मंग कशापायी जीव टांगतोस?"

"कामावर दिसभर कुनीतरी वरडत असतं. ह्ये उचल, त्ये ठिव. कड्यावर हात कुटं ठिवायचा त्ये माजं मी ठरवतो. लय बरं वाटतं बग."

"आन पडलास मंजी?"

"भ्या वाटतं की मला बी. म्हनून तर बगून चढतो."

बस. एवढंच त्याचं उत्तर.

'मृत्यूशी मैत्री', 'कड्यांची साद' हे सगळं भाषणवाल्यांचं. दादाने असली वाक्यं जन्मात उच्चारली नाहीत.

त्या रविवारी काय झालं, ते त्याच्या मुंबईच्या जोडीदाराने आमच्या ओसरीवर बसून सांगितलं. रडत सांगितलं.

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. अर्ध्यावर पोचल्यावर दादा म्हणाला, "खडक वला हाय. आज नको. फिरू मागं."

दोघे परत फिरले. उतरताना दोर ज्या मेखेला बांधला होता, ती मेख खडकातून निघाली. दादा दोरासकट गेला.

मेख दोघांनीच ठोकली होती. तिथला खडक भुसभुशीत आहे हे लक्षात आलं नाही.

तेराव्याला जमलेल्यांनी आधी त्याची अक्कल काढली. "चांगली नोकरी असताना कुणी सांगितलं होतं नसते धंदे करायला?"

मग तीच माणसं त्याला देव करायला निघाली.

आमच्याकडे बिनलग्नाचा मुलगा असा अपघातात गेला की तो 'वीर' होतो. चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठसवायची, तो टाक देव्हाऱ्यात बसवायचा. मग म्हणे तो घराला सांभाळतो. आत्या सोनाराकडे निघालीच होती.

आईने तिला दारात अडवलं.

"द्येव केला की त्याच्यावर रागावता येत न्हाई, वन्सं. मला अजून लय रागवायचंय."

टाक झाला नाही.

पण कड्याखाली कुणीतरी दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला. चढणारी मुलं तिथे नारळ फोडायला लागली. पुढच्या वर्षी त्यांच्या क्लबने श्रद्धांजलीचा कार्यक्रमही तिथेच ठेवला.

अध्यक्ष म्हणाले, "शिखर सर करताना त्याला वीरमरण आलं."

शिखर?

अहो, तो खाली येत होता!

जोडीदार समोरच बसला होता, मान खाली घालून. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"ताई, अर्ध्यातून परतला असं कसं सांगायचं? त्याचा मान राहू दे."

आजही हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. जिवंत घरी यायचं ठरवलं, त्यात कसला मान गेला?

आणि मेख? मेखेबद्दल आजवर एकाही भाषणात चकार शब्द नाही. वीराची मेख कशी निघेल? त्याला तर डोंगराने जवळ बोलावलं होतं ना!

त्याच दिवशी अध्यक्षांनी आईच्या हातात नारळ दिला. "मावशी, तुम्हीच फोडा. आमच्या पोरांना तुमच्या लेकाचा आशीर्वाद असू द्या."

आईने दगडाकडे बघितलं. मग त्या पोरांकडे बघितलं.

"त्याला सोताला न्हाई सांबाळता आलं. तुमाला काय सांबाळनार?"

आणि नारळ तसाच हातात घेऊन ती उतरणीला लागली. मी तिच्या मागे.

लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. इतकं शहाणं माणूस मी आयुष्यात दुसरं बघितलं नाही.

तर आता या रविवारी तिथे पुन्हा कार्यक्रम आहे. 'सह्याद्रीचा अमर वीर' असा फ्लेक्स लागलाय. मला 'दोन शब्द' बोलायला बोलावलंय.

येणार आहे. गुडघे कुरकुरतात, तरी येणार आहे.

मेख निघाली, हे माईकवर सांगणार. तो मागे फिरला होता, हे सांगणार. ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबतील त्याच्या झोंबू देत.

दुपारी नातीला फोन केला. "चढू नकोस" असं म्हटलं नाही. तिला तिथे बरं वाटतं, ते तिच्या आवाजात कळतं मला.

एवढंच म्हटलं, "बाळा, मामाआजोबाच्या भरवशावर चढायचं नाही. तो गेला, तो कुणाला धरायला येत नाही. आणि वाटलं ना, आज नको, तर सरळ मागे फिर. तू अर्ध्यातून परत आलीस तर मी अख्ख्या कुसगावात पेढे वाटीन."

ती हसली.

मग म्हणाली, "आज्जी, खरंच परत येत होते ते?"

हो गं. घरीच येत होता.

दादा, भावपूर्ण वगैरे मला जमत नाही. तुझी आठवण येते रे. अजून रोज येते.