सपाट फरशीवर

रंगारी आणि त्याचे भाऊजी यांची उमेदीची सगळी वर्षं एकाच झुल्यावर गेली. उंच इमारतीच्या गच्चीवरून दोरखंडांनी फळी खाली सोडायची आणि तिच्यावर उभं राहून बाहेरच्या भिंती रंगवायच्या. भाऊजींना कामावर सगळे 'माकड' म्हणत, आणि त्यांनाही ते आवडे. जिथून माणसं मुंगीएवढी दिसतात तिथे ते निवांत चहा पीत.

भाऊजींची बायको म्हणजे रंगाऱ्याची ताई; तिचा जीव मात्र कायम टांगणीला. संध्याकाळी नवऱ्याची पावलं जिन्यात वाजली, की मगच ती गॅस पेटवायची.

"अगं, वर असलो की मी शहाणा असतो," भाऊजी म्हणायचे. "दोर तपासतो, पट्टा बांधतो. येडेपणा खाली आल्यावर."

एका सुट्टीच्या सकाळी भाऊजी अंघोळीला गेले. रंगारी खालच्याच मजल्यावर राहायचा. ताईची हाक ऐकून तो धावत वर आला, खांदा लावून त्याने बाथरूमची कडी तोडली. साबणाच्या पाण्यावर पाय सटकला होता आणि डोकं नळावर आपटलं होतं. बादली तशीच भरून वाहत होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"कुठून पडले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाथरूममध्ये," रंगारी म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याची मान खाली गेली. "उंच इमारती रंगवायचो हो आम्ही. तिथे कधी नखालाही धक्का लागला नाही."

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "रस्त्यावरचे अपघात तर रोजचेच. पण त्यांच्या मागोमाग येतात ते हेच. ओली फरशी, जिन्याची शेवटची पायरी, पंखा पुसायला खुर्चीवर चढलेलं माणूस. कुणी चुकून दुसऱ्याच बाटलीतलं औषध घेतं. घराला कुणी भीत नाही ना."

हे बोलणं रंगाऱ्याच्या मनात घर करून बसलं. लोकांचं मात्र निराळंच चाललं होतं. एवढा तरबेज माणूस सपाट फरशीवर पडतो कसा? सकाळीच लावली असणार, अशी कुजबुज जिन्यातून फिरली. ज्याने आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नाही त्याच्याबद्दल. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मग एकदा लांबची कुणी बाई भेटायला आली असताना रंगाऱ्याने दाराआडून ताईचं बोलणं ऐकलं. ती शांतपणे सांगत होती, "कामावर पडले. झुल्याचा दोर तुटला." पण तो आत गेला नाही, आणि तिला त्याने पुढेही कधी विचारलं नाही.

काही दिवसांनी तो आधाराला धरायची स्टीलची जाड दांडी घेऊन आला आणि ताईच्या बाथरूमच्या भिंतीला भोकं पाडू लागला.

"बैल गेला आणि झोपा केला," ताई म्हणाली.

"तू आहेस ना अजून," तो म्हणाला.

बरेच दिवस त्या दांडीवर ती फक्त टॉवेल वाळत घालायची.

झुल्यावर रंगाऱ्याचं मन रमेना. शेजारी जागा रिकामी असायची. हळूहळू त्याने ते काम सोडलं आणि घराघरांत दांड्या बसवायचं काम धरलं. पण लोक ऐकून घेईनात. म्हातारपणाचा शिक्का बसतो म्हणून वयस्कर माणसं चिडत आणि तरुण हसत. बोलण्यात रंगारी मुळातच मुखदुर्बळ. शेवटी ताईच म्हणाली, "चल, मी येते. तू नुसता ठोंब्यासारखा उभा राहतोस."

दोघं मिळून गेले ते पहिलंच घर एका निवृत्त ट्रकचालकाचं होतं. बायको गुडघे धरून बसलेली, आजोबा दारातच अडून.

"आयुष्यभर घाटात ट्रक चालवला, कधी ओरखडा नाही. मला बाथरूम काय करणार?"

रंगारी ड्रिलची पेटी उचलून मागे फिरणार, तेवढ्यात ताई बोलली.

"आजोबा, माझा नवरा बाथरूममध्ये पडून गेला. आख्ख्या इमारती रंगवल्या त्याने, वरून कधी पडला नाही. साबणावर पाय सटकला, एवढंच. प्यायलेला नव्हता, चक्कर आली नव्हती."

रंगारी जमिनीकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत हे तिच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. तिचा आवाज चढला नाही, फक्त पदराचं टोक बोटांत घट्ट आवळलेलं होतं.

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किती वय होतं?"

"जायचं नव्हतं."

ते दारातून बाजूला झाले. रंगाऱ्याने भिंत ठोकून पोकळी तपासली आणि खुणा केल्या. ड्रिलचा आवाज सुरू झाला तशी ताई आजीजवळ जाऊन बसली.

"आजी, खरं सांगा. कुठे कुठे घसरलात आत्तापर्यंत?"

आजीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ह्यांना सांगितलं नाही मी. मागच्या आठवड्यात ओट्यापाशी. वरचा डबा काढायला स्टुलावर चढले होते."

"दाखवा बरं तो डबा, खालीच ठेवू," म्हणत ताई उठली आणि तिने आजीला हात दिला.