पंप, आणि तिच्या माथी मारलेला दोष

हे पूर्ण असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टरांना निम्मं माहीत आहे, बायकोला त्याहून थोडं जास्त. उरलेलं – खरं तर तेच सांगण्यासारखं आहे – अजून माझ्याजवळच आहे.

मी गव्हाणचा. आता पनवेलला फ्लॅटमध्ये राहतो, द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर आहे. पन्नाशी ओलांडली. शुगर आहे, आणि एकदा छातीत दुखलं तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी आहे. बायको सुनंदा, नेऱ्याची. हळदीत ती नाचायला लागली की बाकीच्या बायका कडेला सरून बघत राहायच्या – अशी.

शुगरनं हळूहळू आमच्यातलं एक सुख बंद पाडलं. कसं सांगू? इच्छा असायची, पण लिंगाला ताठरता यायची नाही. आली तरी टिकायची नाही. सुनंदा नुसता पाठीवरून हात फिरवायची. तो हात मला सोसायचा नाही. ती दया करते आहे असं वाटायचं.

मग मी ऑनलाइन पंप मागवला – लिंगात रक्त ओढून ताठरता आणणारा. घरी नको म्हणून गोदामाच्या पत्त्यावर. स्वस्तातला – प्लास्टिकची नळी, हवा ओढायचा रबरी फुगा, ताठरता टिकवायला मुळाशी चढवायची एक घट्ट रिंग. हवा सोडायला साधा व्हॉल्व्हही नव्हता, दाब दाखवणारा काटा तर दूरच. पण तेव्हा मला काय कळत होतं? रविवारी सुनंदा माहेरी गेली होती. बाथरूमचं दार लावून मी फुगा दाबत सुटलो. जितका दाब जास्त तितका फायदा – असंच वाटलं. शुगरमुळे तिथली जाणीव कमी झालेली, त्यामुळे दुखतंय हेही उशिरा कळलं. रिंग चढवली आणि – हसू नका – बराच वेळ नुसता बघत बसलो. इतक्या वर्षांनी दिसलं होतं.

रिंग काढायला गेलो तर निघेना. कातडी काळीनिळी झालेली. गार पाणी, साबण, देवाचं नाव. शेवटी निघाली. दुसऱ्या दिवशी सगळं जांभळं होतं आणि मी डॉक्टरसमोर मान खाली घालून बसलो होतो.

ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि विचारल्याशिवाय हे वापरलंत? आत रक्त साकळलं असतं म्हणजे?"

मला वाटलं, आता म्हणतील फेकून द्या. तर ते म्हणाले, वस्तू वाईट नाही, घाई वाईट. आधी हे बरं होऊ दे, मग हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या."

"तिला माहीत नाही."

"मग सांगा. हे एकट्याचं काम नाही."

आता इथे थांबतो जरा. कारण तुम्हाला वाटेल, माझी चूक म्हणजे तो लपवलेला पंप. नाही. ती नुसती फजिती होती.

चूक त्याच्या किती तरी आधीची. एका दुपारी सुनंदानं सरळ विचारलं होतं, "तुमाला काय होतंय का? डॉक्टरकडं जाऊ या का?" किती साधा प्रश्न. आणि मी म्हणालो – तिच्या तोंडाकडे न बघता म्हणालो – "मला काही झालेलं नाही. तूच सुटली आहेस. तुझ्याकडे बघून आता काही वाटत नाही."

खोटं होतं. वाटायचं. सगळं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं रात्रीचा भात सोडला. मग मासळीचं कालवण मला वाढून स्वतः काकडी खायला लागली. कुठलीशी पावडर आणली, ती पिऊन एकदा स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसली. हळदीला जायची, पण कडेला खुर्चीवर. "गुडघा दुखतोय" म्हणायची. मी काय केलं? मी पाणी आणून दिलं.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी तिला सांगितलं. पंपाचं, आजाराचं, आणि त्या वाक्याचंही – की ते खोटं होतं. ती कोळंबी सोलत होती. हात थांबले.

"म्हणजे माझ्यात काय दोष नव्हता?"

"काही नव्हतं."

"आणि मी आरशात बघायचं सोडलं," ती म्हणाली. उठली, हात धुतले, गॅलरीत जाऊन उभी राहिली. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं.

पण दवाखान्यात ती आली. माझ्याऐवजी तीच विचारत होती. डॉक्टरांनी ठरावीक दाबावर आपोआप थांबणारा, हवा पटकन सोडता येणारा पंप लिहून दिला. म्हणाले, नळीच्या कडेला पाण्यात विरघळणारं जेल लावा. एक-दोनदा दाबा, थांबा, पुन्हा दाबा – घाई नाही. दुखलं की लगेच हवा सोडा. सुरुवातीचे काही दिवस रिंग लावूच नका, नुसती सवय करा. नंतर लावलीत तर अर्ध्या तासाच्या आत काढायची म्हणजे काढायचीच. ती लावून झोपायचं नाही, दारू पिऊन तर हात लावायचा नाही. थोडे लाल ठिपके आले तर घाबरू नका, पण जांभळं पडलं, सूज आली की बंद करून इकडे या.

"आणि यानं मोठं नाय ना होत?" सुनंदानं विचारलं. "मंजे ते तसं काय जाहिरातीत..."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "कायमचं काही वाढत नाही." ती माझ्याकडे बघून हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

पहिल्यांदा वापरला तेव्हा आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे. ती घड्याळ घेऊन बसलेली. "वीस मिनटं झाली, काढा," असं तिनं ऐन वेळी म्हटलं आणि आम्ही दोघं हसत सुटलो. सगळं पूर्वीसारखं झालं नाही. स्पर्श जरा गार लागतो, थोडं थांबावं लागतं. पण आम्ही एका खोलीत आहोत, बोलतो आहोत.

आता ते उरलेलं. जे तिलाही सांगितलेलं नाही.

त्या दिवसांत ती भाताचं पातेलं बाजूला सारायची, आणि मला – हलकं वाटायचं. दोष आपलाच हे तिला पटलंय, आता मला कुणी काही विचारणार नाही. तिला चक्कर आली तेव्हाही, पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावताना, मनात आधी तेच आलं. ती उपाशी राहत होती आणि मी सुटल्यासारखा झोपत होतो.

हे आज तिला सांगणार आहे. ती गॅलरीत कपडे वाळत घालते आहे. मी बाहेर जातो आहे.