एकटीचा आडोसा

आमच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. अंगानं बारीक, बोलणं टोकदार. शिवणकाम करणारी माणसं टाचण्या सर्रास ओठांत धरतात. ही मात्र मनगटावर एक लहानशी उशी बांधायची आणि तिच्यात खोचायची. आमचा खलनायक तिला चिडवायचा, "काय गं, दातांवर भरवसा नाही का?"

"दातांवर आहे. मालकिणीवर नाही."

दातांच्या मालकिणीला, म्हणजे तिलाच, फिट्स यायच्या. अपस्मार. शाळेत असताना भूगोलाच्या तासाला ती पहिल्यांदा पडली. शुद्धीवर आली तेव्हा तिच्यावर चेहरेच चेहरे वाकलेले. कोणी रडतंय, कोणी हसतंय, कोणी तिच्या ओल्या झालेल्या फ्रॉककडे बोट दाखवतंय. दुसऱ्या दिवशी शेजारची मैत्रीण दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली. लागण होईल म्हणे! वर्ष सरायच्या आत शाळेनं वडिलांना सांगितलं, मुलीला घरीच ठेवा. शाळा सुटली, सवय सुटली नाही. बाक कितीही लांब असो, ती अगदी टोकाला बसायची, शेजारी माणूसभर जागा मोकळी ठेवून.

रंगपटात मी म्हणायचे, "अगं, आत सरक. पडशील."

"पडायची सवय आहे, ताई."

आता आडोशाचं सांगते. नाटकात कधीकधी कपडे बदलायला खोलीपर्यंत जायलाही उसंत नसते. दोन वाक्यांपूर्वी भिकारीण, आता राणी! मग विंगेतच कोणीतरी हाक द्यायचं, "आडोसा!" की बायका हातातलं काम टाकून धावत यायच्या आणि नटीकडे पाठ करून गोल उभ्या राहायच्या. आत वळून बघायचं नाही, हा आमचा धर्म. एकदा टाचणी फिट येऊन विंगेत पडली तेव्हा कोणीतरी सवयीनं तीच हाक दिली, आणि आम्हीही सवयीनं पाठ करून उभ्या राहिलो. आत फक्त रंगभूषेची मावशी. तिच्या भावालाही हेच दुखणं, त्यामुळे काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिनं टाचणीच्या डोक्याखाली राणीचा मखमली झगा सारला, तिला कुशीवर वळवलं आणि नुसती जवळ बसून राहिली. बाहेर नाटक चालूच. टाचणीनं डोळे उघडले तेव्हा तिला एकही चेहरा दिसला नाही, नुसत्या पाठी दिसल्या. बराच वेळ ती बघत राहिली. मग जड जिभेनं म्हणाली, "ताई, तुमचा हुक तुटलाय."

पुढे कंपनी बंद पडली आणि आम्ही पांगलो. टाचणीला मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागली. दुखण्याबद्दल तिनं तिथं अवाक्षर काढलं नाही. गोळ्या वेळेवर, त्यामुळे फिट्स क्वचितच येत, आल्या तर घरी. शिक्षकांच्या खोलीत ती खिडकीकडे तोंड करून डबा खायची. गर्विष्ठ आहे, असं सगळ्यांचं ठरून गेलं. ही खूश. गर्विष्ठ माणसाला कोणी काही विचारत नाही.

ती एका खोलीत एकटीच राहायची, आणि आतून कडी कधी लावायची नाही. मी रागावले तर म्हणाली, "कडी लावली आणि पडले, तर दार फोडावं लागेल. उघडं ठेवलं तर फार तर चोर येईल. येऊ दे की. बोलायला तरी कोणी मिळेल."

तिच्या वर्गात एक मुलगी होती. पाय जमिनीला टेकायचे नाहीत, म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणत. वार्षिक समारंभाची तालीम चालू असताना भिंगरी सभागृहात धाडकन पडली. हातपाय झटके देऊ लागले. मुली किंचाळल्या. कवायतीच्या बाईंनी तिचे हात दाबून धरले, गणिताच्या बाई चमचा घेऊन धावल्या आणि दातांत घालू लागल्या. टाचणी कोपऱ्यात पडद्याला दुमड घालत बसली होती. ती उठली आणि सगळी ताकद लावून ओरडली, "आडोसा!"

कोणी हललं नाही. हलणार कसं? ती हाक आमच्या विंगेतली. एक मुलगी म्हणाली, "कसला आडोसा, बाई?"

टाचणी पडदा पसरून एकटीच भिंगरीपुढे उभी राहिली. ती एक बाजू झाकायची, तर बाकीच्या उघड्या पडायच्या. इकडून वळून तिकडे गेली, तरी तेच. मला सांगताना म्हणाली, "ताई, एकटीचा आडोसा होत नाही हो." शेवटी तिनं पडद्याची घडी करून भिंगरीच्या डोक्याखाली घातली, चमचा भिरकावला आणि दाबलेले हात सोडवले. पण तोवर पोरीचा दात तुटला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, भिंगरीच्या आईला बोलावलं. बाई दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "शाळा ही जबाबदारी घेऊ शकत नाही. तिला घरीच ठेवा," त्या म्हणाल्या. टाचणी दारात उभी होती. घरीच ठेवा! वाक्य तेच, स्वरसुद्धा तोच. गप्प राहिली तर नोकरी शाबूत, पोरगी बाहेर. बोलली तर कदाचित दोघीही बाहेर.

ती आत गेली. "मलाही येतात फिट्स. लहानपणापासून."

मोठ्या बाईंचा चष्मा हातातच राहिला. "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

बाई चष्मा पुसू लागल्या. टाचणी म्हणाली, "मला ठेवा, काढा, तुमची मर्जी. पोरीला काढायच्या आधी मला सगळ्यांचा एक तास द्या."

त्या तासाला रुग्ण म्हणून तिनं मला नेलं. किती वर्षांनी प्रेक्षक! मी डोळे फिरवले, हंबरडा फोडला, मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळले.

"ताई, पुरे," टाचणी म्हणाली. "इथं टाळ्या नाहीत." मुली खो-खो हसल्या. भीती तिथंच निम्मी झाली.

मग तिनं शिकवलं. दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही. टोचेल-लागेल ते दूर सारायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवायची. पूर्ण शुद्ध येईपर्यंत एकीनं जवळ बसायचं. आणि बाकीच्यांनी? वारा येईल इतकं लांब, पाठ करून उभं राहायचं. लागण होत नाही, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं; सगळ्यात सावकाश, मागच्या बाकांकडे बघून.

भिंगरी शाळेत राहिली. टाचणीही राहिली, पण शिवणयंत्राला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. शिक्षकांच्या खोलीत आता सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत, आणि शेजारची खुर्ची रिकामीच. "गर्विष्ठ होते तेच बरं होतं," ती म्हणायची. संध्याकाळी घरी येऊन गोळी घ्यायची, दार नुसतं लोटून पडून राहायची.

मग एका दुपारी, काजं शिकवता शिकवता, ती वर्गात पडली.

डोळे उघडले तेव्हा गालाखाली कोणाची तरी घडी केलेली ओढणी होती. उशाशी भिंगरी, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. आणि सभोवार पाठी. वर्गातल्या साऱ्या मुली बाहेर तोंड करून उभ्या, अंगात स्वतः शिवलेले झगे. एकही मान वळली नव्हती.

टाचणी बराच वेळ बघत राहिली.

"बाई, काही हवंय का?" भिंगरीनं विचारलं.

"ती खिडकीजवळची कोण?" टाचणी जड जिभेनं म्हणाली. "तिची दुमड उसवलीये. टाचणी लावा गं कोणीतरी."