रिकाम्या मुठीचे सहा

जपानातल्या आमच्या तोसाच्या किनाऱ्यावर कुणी दारू सोडली, की लोक आधी त्याची कीव करतात, मग त्याच्याकडे संशयानं बघतात आणि शेवटी त्याला मेजवानीला बोलवायचंच बंद करतात. इवाओ ओकाबायाशीच्या वाट्याला हे तिन्ही आलं, तेही पहिल्या वर्षातच.

इवाओ रंगारी. बोट मासळीनं भरून आली की डोलकाठीवर जे भलेमोठे रंगीत झेंडे चढतात, ते करायचा त्यांच्या घराण्याचा धंदा. भाताच्या खळीनं रेघा काढायच्या, मध्ये रंग भरायचे, मग खळ धुऊन काढायची. जन्मभर हेच केल्यामुळे त्याच्या उजव्या हाताच्या बोटांचा लाल रंग आता कुठल्याही साबणाला दाद देत नाही. पिण्याच्या दिवसांत त्यानं एका झेंड्यावर मासा उलटा रंगवला होता, पोट वर करून. मालक तणतणत आला. पण दुसरा झेंडा करायला वेळ नव्हता, म्हणून तोच चढवला. त्या मोसमात त्या बोटीला अशी मासळी लागली, की पुढं किती दिवस लोक येऊन "आम्हालाही उलटा मासाच द्या" म्हणत होते. नशीबच अशी साथ द्यायला लागलं, तर माणूस सुधारणार कशाला?

मेजवानीत त्याच्याइतकी करमणूक कुणी करत नसे. आमच्याकडे काड्यांचा एक खेळ आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाकडे तीन लाल काड्या. पाठीमागं हात नेऊन हव्या तेवढ्या मुठीत घ्यायच्या, मूठ पुढं करायची आणि दोघांच्या मिळून किती ते ओरडून सांगायचं. जास्तीत जास्त सहा. चुकेल तो हरला, आणि हरेल त्यानं प्यायचं. इवाओ या खेळात गावात सगळ्यात कच्चा समजला जायचा. रिकामी मूठ पुढं करून तो बेधडक "सहा!" म्हणून ओरडायचा. आता स्वतःची मूठ रिकामी म्हटल्यावर समोरच्याच्या तीनाचे सहा होणार कुठून? पण लोक हसून लोळायचे आणि इवाओ प्यायचा. तो कच्चा नव्हता हे घरात दोघींनाच माहीत होतं, बायको सात्सुएला आणि मुलगी चिनात्सुला. त्याला हरायचंच असायचं.

चिनात्सुची शाळा संपली त्या दिवशी निरोपाच्या समारंभाला तो असाच भरपूर हरून आला. शाळेच्या फाटकातून वळण्याऐवजी सरळ चालत राहिला आणि धक्क्यावरून बंदराच्या पाण्यात पडला. मच्छीमारांनी त्याला आकड्यानं वर ओढलं, वर्गातल्या सगळ्या मुली आणि त्यांच्या आया बघत असताना. चिनात्सु रडली नाही. ती घरी गेली, गणवेश घडी करून ठेवला आणि पुढची कित्येक वर्षं बापाशी कामापुरतंच बोलली.

शेवटी यकृतानंच हात टेकले. दवाखान्यातून निघाल्यावर सात्सुएनं त्याला घरी नेलंच नाही, थेट दारूमुक्तीच्या मंडळात नेऊन बसवलं. तिथं नवरा-बायको जोडीनं येतात, सातूचा चहा पितात, एकेकजण उठून आपली कर्मकहाणी सांगतो आणि कुणी कुणाला उपदेश करत नाही. सात्सुए बोलायला उठली की खुर्च्या कमी पडायच्या. "आमचे हे बंदरात पडले," ती म्हणायची, "तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? हे वाचतील की नाही ते नाही. नवा सूट गेला, हे! इतके सुंदर संसार केले आहेत आम्ही." आणि हसता हसता तिचे डोळे भरायचे.

इवाओ एकेक दिवस न पिता काढत राहिला. वर्ष झालं तेव्हा मंडळानं सन्मानपत्र दिलं, टाळ्या वाजल्या, केक कापला. चिनात्सु आली नाही. आता तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले होते आणि तेवढ्यात तिचं लग्न ठरलं, शेजारच्या बंदरात मोठी बोट चालवणाऱ्या हामागुची तांडेलांच्या मुलाशी.

लग्नाआधी आठवडाभर ती रंगशाळेत आली आणि सुकणाऱ्या झेंड्यांमागं उभी राहून म्हणाली, "बाबा, एक मागू?"

"माग की."

"तिकडच्यांना सांगू नका. सोडलीय ते. सासरे म्हणतात, न पिणाऱ्या माणसावर भरवसा ठेवू नये. आणि सोडली म्हटलं की का सोडली विचारणार, मग ते बंदर, ते सगळं... एकच दिवस, बाबा."

"पिऊ म्हणतेस?"

"मी तसं म्हटलं का? दिसू देऊ नका, एवढंच."

इवाओनं मान डोलावली. तीन वर्षांत मुलीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. पण सात्सुएला हे कळल्यावर ती भडकली. "अहो, व्याह्यानं स्वतःचा पेला पुढं केला तर नाही कसं म्हणणार? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, कशाला हे? एक घोट गेला तर मी पुन्हा तीन वर्षं मागं जायची नाही, सांगून ठेवते."

"जाणार नाही," इवाओ म्हणाला. "मी खेळेन."

लग्नानंतरची मेजवानी दुपारी रंगात आली. परातीएवढाल्या थाळ्यांत मासे, पेंढ्याच्या धुरावर भाजलेल्या बोनिटो माशावर लसणाच्या चकत्या, आणि गरम दारूच्या सुरया. इवाओच्या सुरईत सात्सुएनं गरम पाणी भरलं होतं. दिसायला दोन्ही सारखंच. अडचण एवढीच, की हामागुची तांडेल आपला दारूनं भरलेला पेला घेऊन आले. दणकट माणूस, आवाज भरसमुद्रात ऐकू जाईल असा.

"व्याही! घ्या, माझ्या हातचा!"

"नुसतं कसलं पिता तांडेल," इवाओ म्हणाला, "खेळून प्या. का हरायची भीती वाटते?"

असं विचारल्यावर तोसाचा माणूस मागं हटेल होय! काड्या आल्या, लोक भोवती जमले आणि इवाओ जिंकला. दुसरा डाव जिंकला. तिसराही. तांडेलांचा खांदा हलला की काड्या किती, हे त्याला वाचता येत होतं. शुद्धीवर राहून हा खेळ तो आयुष्यात प्रथमच खेळत होता. इवाओकडची मंडळी तोंडाचा आ वासून बघत राहिली. "अरे, हा तर पट्टीचा खेळाडू निघाला!" कुणीतरी म्हणालं. चिनात्सुच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते हसू बघून इवाओला पंख फुटले. डावामागून डाव तो जिंकत गेला आणि पेल्यामागून पेला तांडेल रिचवत गेले.

मग त्याची नजर तांडेलांच्या बायकोकडे गेली. हिसाएबाई, बारीक, गप्प बाई. गप्पा ऐकता ऐकता त्यांनी नवऱ्याच्या कोपराजवळची मोठी थाळी हळूच बाजूला सरकवली. मग सुरी उचलून कुणाला न दिसेल अशी मांडीखाली ठेवली. मग गाडीची किल्ली स्वतःच्या किमोनोच्या पट्ट्यात खोचली. त्यांचं नवऱ्याकडे लक्षही नव्हतं. हात आपोआप चालले होते. इवाओनं चटकन सात्सुएकडे पाहिलं. सात्सुएनंही ते पाहिलं होतं. ते हात तिच्या ओळखीचे होते.

आणि नवरामुलगा, आतापर्यंत सगळ्यांबरोबर हसणारा, तो मान खाली घालून आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता. इवाओला एकदम बंदर आठवलं आणि आकड्यानं वर ओढला जात असताना दिसलेला चिनात्सुचा चेहरा. आपण न पिण्यासाठी दुसऱ्याला पाजतोय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

"आता तो भोकाचा पेला आणा!" तांडेल गरजले. "बस्स, शेवटचा डाव!"

तो पेला आमच्याकडे खास मेजवानीसाठी असतो. ओठांचा चंबू केलेल्या विदूषकाचं तोंड, आणि चंबूलाच भोक. बोटानं भोक दाबून धरायचं आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवायचाच नाही. तो काठोकाठ भरला गेला.

दोघांनी हात मागं नेले. मुठी पुढं आल्या.

"चार!" तांडेल ओरडले.

"सहा!" इवाओ म्हणाला आणि मूठ उघडली. रिकामी.

आकडा चुकला होता तांडेलांचाही, पण इवाओचे सहा इतके वेड्यासारखे चुकीचे होते, की हरला कोण यावर वाद घालायला कुणी तयारच नव्हतं. हामागुचींची माणसं टाळ्या पिटू लागली. इवाओकडच्या मंडळींनी मात्र हातातले पेले खाली ठेवले. हे सहा त्यांनी जन्मभर ऐकले होते. सात्सुए गुडघ्यांवर अर्धी उठली. चिनात्सुचा चेहरा पावडरीखालीही पांढरा पडला.

इवाओनं पेला उचलला. लाल बोट भोकावर. वास नाकात गेला, तीन वर्षांनी इतक्या जवळून, आणि वास चांगला होता. खोटं कशाला बोला.

त्यानं सूपाचा रिकामा वाडगा पुढं ओढला, पेला त्याच्यावर धरला आणि भोकावरचं बोट काढलं.

विदूषकाच्या तोंडातून बारीक धार वाडग्यात पडत राहिली.

"तांडेल, मी हरलो," इवाओ म्हणाला. "पण मी पीत नाही. यकृत गेलं होतं, त्याच्या आधी अब्रू गेली होती. मुलीच्या शाळेच्या समारंभाला पिऊन बंदरात पडलेला माणूस मीच. दारूमुक्तीच्या मंडळाच्या सभेला जातो, पुढच्या महिन्यात सोडल्याला तीन वर्षं होतील. आता हा खेळ थांबवू या."

"म्हणजे," तांडेल सावकाश म्हणाले, "इतका वेळ मी एकटाच पीत होतो?"

"हो."

"आणि तुमच्या सुरईत?"

"पाणी," सात्सुए म्हणाली. "गरम. हवंय?"

तांडेलांचा चेहरा लाल झाला, आणि तो दारूनं की रागानं हे कळायच्या आत चिनात्सु उठली. जड रेशमी किमोनो सावरत ती दोघांच्या मध्ये येऊन गुडघ्यांवर बसली आणि सासऱ्यांपुढं वाकली.

"बाबांना लपवायला मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "चूक माझी. मला लाज वाटत होती. आता नाही वाटत." मग ती बापाकडे वळली आणि तिनं त्याचा तो लाल डागांचा हात दोन्ही हातांत धरला. मांडवभर सगळे लग्नात रडतात तसे रडले आणि कारण विचारायची वेळ आली नाही.

तांडेल उठले आणि भिंतीला टेकून झोपून गेले. निघताना दाराशी चपला शोधत असताना हिसाएबाई सात्सुएच्या जवळ आल्या. "विहीणबाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ती तुमची सभा कुठल्या वारी असते?"

महिन्यानं, रविवारी सकाळी, मंडळाच्या सभागृहात इवाओला तिसऱ्या वर्षाचं सन्मानपत्र मिळालं. सात्सुएनं सुटाची गोष्ट पुन्हा सांगितली आणि लोक पुन्हा हसले. मग चिनात्सु उठली. तीन वर्षांत प्रथमच. "माझे बाबा खेळात फार कच्चे आहेत असं सगळे म्हणायचे," एवढंच ती म्हणाली, "ते मुद्दाम हरतात हे ठाऊक असून मीही तेच म्हणायचे." मग ती बापाशेजारी जाऊन बसली.

शेवटच्या रांगेतून हिसाएबाई उठल्या. "माझे यजमान बाहेर गाडीत बसलेत," त्या म्हणाल्या. "मला सोडायलाच आलोय म्हणतात. कालपासून घेतलेली नाही त्यांनी." आणि सभागृहात अशा टाळ्या वाजल्या, की इवाओच्या तीन वर्षांना वाजल्या नव्हत्या. मंडळात हेच बरोबर मानतात. पहिल्या दिवसाइतकं अवघड वर्ष कुठलंच नसतं.

इवाओ सातूच्या चहाचे दोन पेले आणि सहा काड्या घेऊन बाहेर आला. तांडेल गाडीच्या खिडकीतून तोंड फिरवून बसले होते.

"आत कशाला एवढं हसतायत?"

"माझ्यावर. उद्या तुमच्यावर हसतील. चांगले लोक आहेत. एक डाव होऊन जाऊ दे?"

"तुमच्याशी? लबाड माणूस!" तांडेलांनी चहा मात्र घेतला. त्यांनी सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि हरेल त्यानं काय करायचं?"

"हरेल त्यानं आत यायचं," इवाओ म्हणाला.

तांडेलांनी तीन काड्या घेतल्या. हात मागं गेले. मुठी पुढं आल्या.

"तीन," इवाओ म्हणाला.

तांडेलांनी एक मोठा श्वास घेतला आणि भरसमुद्रात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सहा!"

आणि मूठ उघडली. रिकामी होती.