मळणी यंत्राचं झाकण उघडण्याआधी

सुगीत बाप दुसऱ्याच्या मळणी यंत्रावर मजुरीला जायचा, उमरीच्या आसपास, गावोगाव. अंगभर भुसा, डोळे लाल, खोकला. सुगी सरली की काम बंद. मग माय तण निंदायला जायची तेव्हा चूल पेटायची. मी नांदेडला कॉलेज केलं ते मेसच्या पोळ्या लाटून. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच, हे मी ताठ मानेनं सांगते.

पुढं लातूरला ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागले. यंत्रासोबत द्यायची माहितीपुस्तिका लिहायचं काम. अजून कायम झाले नव्हते. पहिली पुस्तिका छापायला जायच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बापाला फोनवर वाचून दाखवली. 'सोयाबीन अडकल्यास ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे', इथं तो हसला.

"अगं माय, इंजन कोण बंद करतंय? बॅटरी उतरलेली ऱ्हाती. परत ढकलाया माणसं कुठून आणू? चालूच ठिवून हात घालतो की."

मी फोन ठेवला. तशीच साहेबांकडं गेले, बाप म्हणाला ते सांगितलं.

"नियम लिहिलाय ना? न पाळणं त्यांचं नशीब. प्रेसवाला खाली खोळंबलाय."

"इंजिन चालू असलं तर काय करायचं तेही लिहू, सर. त्याशिवाय मी पान छापायला देणार नाही."

"नोकरी करायची हाय का न्हाई?"

"करायची हाय."

साहेब ताडकन उठले. "चल, दाखव. काय लिहिणार?"

"लिव्हर ओढून आतला फिरता ड्रम ट्रॅक्टरपासून सोडवावा. ड्रम थांबल्यावर झाकण उघडावं."

मागच्या आवारात यंत्राची चाचणी चालली होती. साहेबांनी स्वतः लिव्हर ओढली. ट्रॅक्टर धडधडतच होता.

"थांबला बघ," म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला.

माझी नजर ड्रमला जोडलेल्या बाहेरच्या पुलीवर गेली. ती फिरत होती.

"सर, हात काढा!"

त्यांनी हात मागं घेतला. झाकणाआड ड्रम अजून फिरतच होता, इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं इतकंच. आम्ही दोघं पुली थांबेपर्यंत तिच्याकडं बघत राहिलो. माझं वाक्यही अपुरंच होतं. ड्रम थांबला हे माणसाला कळणार कसं, ते त्यात नव्हतंच.

"पुलीचं घाल त्यात," साहेब म्हणाले. आवाज उतरला होता. "प्रेसवाल्याला मी थांबवतो."

'बाहेरची पुली पूर्ण थांबलेली दिसल्याशिवाय झाकण उघडू नये.' हे वाक्य पुस्तिकेत छापलं गेलं आणि प्रत्येक यंत्राच्या झाकणावर लाल रंगात उमटलं. त्या सुगीनंतर मी कायम झाले. आज या कारखान्यातली प्रत्येक पुस्तिका मी लिहिते, आणि यंत्र चालवून पाहिल्याशिवाय एकही छापायला जात नाही.